तुराट्या, गुळी आणि एक बिंदगं: भट्टी नसताना मडकी भाजायच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीच्या पणत्या अजून ओट्यावरच आहेत आणि मी नवीन उद्योग काढलाय. यंदा येळवशीला आंबील स्टीलच्या घागरीत न्यायची नाही, स्वतः केलेल्या बिंदग्यात न्यायची. येळवस ३० डिसेंबरला, म्हणजे हातात आठ आठवडे. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळा अमावस्या, त्या दिवशी गावच्या गाव रानात जेवायला जातं आणि आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन जायचं असतं, त्या मडक्याला आमच्याकडं बिंदगं म्हणतात.

मातीकाम मला बऱ्यापैकी येतं, शाळेत चित्रकला शिकवते, पोळ्याला पोरांकडून बैल करून घेते. अडतं ते भाजायला. इलेक्ट्रिक भट्टीची चौकशी केली तर लहानातली लहान पण बजेटच्या बाहेर, शिवाय आमच्या इथल्या लाईटवर ती भट्टी सलग सात-आठ तास चालेल याची गॅरंटी कोण देणार. पुण्याला पाठवून भाजून आणायचं तर कच्ची मडकी एसटीतच निम्मी संपतील. म्हणून रानात जे आहे त्याच्यावरच भाजायचं, गेल्या वर्षीच्या तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या), यंदाची सोयाबीनची गुळी (मळणीत उरलेला भुगा), गोवऱ्या, आणि लागला तर औशाच्या सॉ मिलमधला भुसा.

मातीत पहिल्याच दिवशी चूक. घरामागची काळी माती घेतली, का तर फुकट आणि जवळ. १० सेंमीची पट्टी करून सावलीत वाळवली, ती ८.५ सेंमी झाली, वर वाकली आणि मधून चिरली. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते हे दर उन्हाळ्यात शेतात पाय अडकून कळतं, त्यासाठी पट्टी करायची काय गरज होती काय माहीत. आता तळ्याचा गाळ आणलाय. तीन टोपली गाळ, एक टोपलं बारीक वाळू, आणि वाळलेली घोड्याची लीद चाळून दोन ओंजळी. लीद लग्नाच्या घोडीवाल्याकडून आणली, पैसे घेतले नाहीत पण हसला खूप. लिदीतलं बारीक तूस मातीला धरून ठेवतं आणि भाजताना जळून जातं, तिथं बारीक छिद्रं राहतात. या मिश्रणाची पट्टी ९.२ सेंमी राहिली, सरळ.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवसांत २४ नग केले. बिंदगं एकदम करायचं नाही असं ठरवलंय, आधी वाट्या, पणत्या, दोन लहान मडकी, जी गेली तरी जीव तळमळणार नाही. चाक नाही माझ्याकडं, वळ्या लावून उभं करते आणि थापी-गोट्यानं थापटते. जाडी शक्य तितकी सारखी, ५ ते ६ मिमी. बूड जाड राहतं नेहमी, ही सवय जात नाही.

निम्म्या नगांना गेरूचा हात देऊन नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटलं. घोटायची वेळ साधणं म्हणजे पापड लाटण्यासारखं आहे, माती ओली असली की गोटा चिकटतो, जास्त वाळली की ओरखडे उठतात. अंगठ्यानं दाबून खळगा पडत नाही पण नखानं रेघ उमटते, तेव्हा बसायचं. एका वाटीला पाऊण तास लागला, आमचे हे म्हणले एवढ्यात बाजारातनं डझनभर आणली असती.

१० नोव्हेंबर, रविवार. पहिली भाजणी (खड्डा)

तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा. खाली तुराट्या, वर गोवऱ्या, त्यात ९ नग, वर परत गोवऱ्या आणि तुराट्या. खालून पेटवलं.

बारा मिनिटांत पहिला आवाज, फट्. मग पाच मिनिटांत लवंगी लागल्यासारखं सुरू झालं. पोरगं खूश, त्याला वाटलं दिवाळी परत आली. मी बाजूला उभी राहून मोजत होते, सहा आवाजांनंतर मोजणं सोडलं.

नऊपैकी सहा गेले. तीन राहिले त्यातलं एक बुडाला चिरलेलं.

खर्च: गोवऱ्या ६० (शेकडा २५० रुपयांनी दीडशे), माझे चार दिवस.

११ नोव्हेंबर, सोमवार

तुकडे पाटीत भरून कुंभारमामांकडं घेऊन गेले. मामा आता सत्तरीच्या पुढं आहेत, आवा (मडकी भाजायची भट्टी) लावायचं त्यांनी कधीच बंद केलंय, बाहेरून आलेले माठ विकतात. पण तुकडे हातात घेतल्यावर माणूस बदलला. एक एक उचलून कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणले, "ह्ये भाजलं न्हाई पोरी, उकळलंय."

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवलं. एक तुकडा खपलीसारखा, एका बाजूला भिंगासारखा फुगीर, कडा खडबडीत. दुसरा लांब, सरळ रेषेत गेलेला, कड स्वच्छ. खपली उडालेला म्हणजे आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. सरळ चिरलेला म्हणजे एकदम तापला नाहीतर एकदम गार झाला. माझे पाच खपलीचे, एक सरळ. म्हणजे जाळ कमी पडला, जळण वाईट होतं, असं काहीच नव्हतं, नग ओले होते.

"गालाला लावून बघितलीस का?" नव्हती बघितली. वाळलेली माती गालाला गार लागत नाही, गार लागली की आत पाणी हायच. एवढं साधं. शिवाय खड्डा आदल्या दिवशी खणलेला, त्याची स्वतःची ओल होतीच, आणि मी खालून पेटवून त्या ओलीची वाफ सरळ मडक्यांवर सोडली.

निघताना मामा म्हणले, "ते तुकडे टाकू नगस. खापरं लागत्यात आव्याला." तेव्हा वाटलं समजूत काढायलेत.

१७ नोव्हेंबर, रविवार. दुसरी भाजणी (तोच खड्डा)

यावेळी बदललेलं सगळं लिहिते कारण कामाचं हेच आहे.

नग आठवडाभर पत्र्याखाली, मग दोन दिवस उन्हात, मग आज पहाटे पाचपासून चुलीच्या वैलावर (बाजूच्या तोंडावर) पत्रा टाकून त्यावर उपडे. चार तास. ऑनलाईन ६५० रुपयांचं के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मागवलंय मीटरसकट, त्याच्यावर बघून पत्र्यावरचं तापमान १२० च्या वर जाऊ दिलं नाही. वाफ निघते का बघायला दर अर्ध्या तासानं स्टीलचं गार ताट वर धरायचं, ताटावर धुकं आलं की थांबायचं. मला वाटलं होतं तासात होईल, सव्वातीन तासांनी ताट कोरडं राहिलं.

खड्ड्यात आदल्या रात्री नुसता जाळ करून तो वाळवला. आणि पेटवलं वरून. वरून पेटवलं की जाळ हळूहळू खाली उतरतो, नग आधी कोमट होतात, मग गरम, मग लाल. एकही फट् नाही, पोरगं कंटाळून क्रिकेट खेळायला गेलं.

जास्तीत जास्त ७९० अंश दिसलं, दुपारी दीडला. थर्मोकपलची वायर मात्र जळाली, वरचं कापडी आवरण साधारण ४०० पर्यंतच टिकतं म्हणे, हे विकत घेताना बारीक अक्षरात होतं. उघडी तार दोन काचमण्यांच्या जागी गाळाच्या मण्यांत ओवली, चालतंय.

आणि मग मी माती खाल्ली. साडेपाच वाजले, अंधार पडायला लागला, उद्या निवडणुकीचं ट्रेनिंग, म्हणून फावड्यानं राख ओढून नग बाहेर काढले. मीटर ३४० दाखवत होतं. थंडीची हवा लागली आणि एका वाटीतून बारीक आवाज आला, टिंग, अगदी गोड. मग दुसरीतून. आठातल्या दोन गेल्या, कडेपासून बुडापर्यंत सरळ रेघ, मामांनी दाखवली होती तशीच. भाजायला वाट बघितली आणि काढायला नाही बघितली. आता नियम, हातात धरवत नाही तोपर्यंत काढायचं नाही.

१८ ते २० नोव्हेंबर

निवडणुकीची ड्युटी. काही काम नाही. सहा चांगले नग कपाटावर ठेवून गेले.

२४ नोव्हेंबर, रविवार

कपाटावरचे नग उतरवले तर दोघांना फोड आलेत. घोटलेल्या लाल अंगावर चवलीएवढी खपली निघालेली आणि मधोमध पांढरा ठिपका, दाताला किडीचं भोक असतं तसा. एक तर पोटालाच.

चुनखडी. आमच्या सगळ्या रानात खडे निघतात, गाळात येणारच. भाजताना त्या खड्याचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल शोषून घेऊन आठ-दहा दिवसांनी फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. म्हणजे भाजलेल्या दिवशी सगळं छान दिसतं, फोटो काढून झालेले असतात, आणि मग हे.

गाळाच्या कच्च्या ढेकळावर लिंबू पिळलं, दोन ठिकाणी फसफसलं. मी माती पिठाच्या चाळणीनं चाळली होती, ती पुरत नाही. आता सगळी माती परत भिजवून, पातळ करून, जुन्या सुती ओढणीतून गाळली. दोन दिवस गेले आणि ओढणी गेली, पण ओढणीत मूठभर खडे निघाले ते बघून समाधान वाटलं. अजून एक उपाय मामांनी सांगितला, भाजून गार झालेलं मडकं लगेच पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे जो काही चुना आत आहे तो एकदमच विरतो, हळूहळू फुगत बसत नाही. बारीक कणांना चालतं, ज्वारीएवढ्या खड्याला नाही चालत, मी करून बघितलं.

१ डिसेंबर, रविवार. तिसरी (भुशाची)

ही माझी हौस. भुशात धुमसवलेली काळी चकचकीत भांडी फोटोत बघितली होती, तसं पाहिजे होतं. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा, अंगाला खिळ्यानं भोकं, सॉ मिलमधून दोन पोती भुसा (४० रुपये पोतं), थर भुशाचा थर नगांचा, कच्चेच नग, वरून निखारा टाकून पत्रा झाकला. म्हणलं दोन कामं एकात, भाजणं पण आणि काळं करणं पण.

भुसा दमट होता, तीन तासांनी विझला. परत पेटवला. रात्रभर धुमसला, सगळ्या गल्लीत लाकडाचा वास, शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं काय जळालं म्हणून.

उघडलं तर काय सांगू, चार वाट्या, चारही काळ्याभोर, घोटलेल्या जागी आरशासारख्या. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आपल्याला जमलं. फोटो काढले, बहिणीला पाठवले. रात्री चुनखडीच्या भीतीनं एक वाटी बादलीत बुडवून ठेवली.

सकाळी बादलीत हात घातला तर वाटीची कड बोटाला लागली आणि वाकली. उचलायला गेले तर निम्मी वाटी हातात चिखल होऊन आली, उरलेली बुडाशी काळ्या खिरीसारखी बसलेली. वरून काळी, आतून अजून कच्ची माती. धूर बसला होता, भाजणं झालंच नव्हतं.

मातीतलं जे पाणी नुसतं वाळवून जात नाही, ते जायला साधारण ४५० ते ६०० अंश लागतात, ते गेल्यावरच मातीचं मडकं होतं आणि परत चिखल होत नाही. माझा भुसा तिथपर्यंत पोहोचलाच नाही, वायर जळाल्यावर मी मीटर लावायचा कंटाळा केला होता. उरलेल्या तीन वाट्या तशाच आहेत, शोपीस म्हणून, पाण्याला लावायच्या नाहीत. बहिणीला अजून सांगितलं नाही.

कोण करणार असेल त्यांना, आधी भाजून घ्या, मग भुशात घाला. उलटं चालत नाही.

८ डिसेंबर, रविवार. चौथी (विटांचा आवा)

मामा स्वतः आले. खुर्ची मागितली नाही, उकिडवे बसले आणि काठीनं जमिनीवर गोल काढला. मी म्हणलं मामा माझ्याकडं विटा आहेत, चौकोन करू, तर म्हणले कर, जाळाला गोल काय न् चौकोन काय, वारा कुठून शिरतो ते बघ.

६० विटा, माती न लावता नुसत्या रचलेल्या, आतून तीन बाय तीन फूट, चार थर. खालच्या थरात चारी बाजूंना अर्ध्या विटेची फट. वाऱ्याच्या बाजूची फट मामांनी लगेच बुजवायला लावली, गेल्या वेळी खड्ड्यात एका बाजूचे नग जास्त भाजलेले ते यामुळंच.

खाली वीतभर गोवऱ्या. त्यावर १६ नग, उपडे, मोठ्यांच्या पोटात लहान, कुठंही घट्ट अडकवायचं नाही कारण तापल्यावर अंग सरकतं. मधल्या जागेत गोवऱ्यांचे तुकडे. वर गोवऱ्या, मग तुराट्या, मग गुळीचा जाड थर. आणि सगळ्यावर खापरं! पहिल्या भाजणीचे सगळे तुकडे, पाटीभर, कौलासारखे एकावर एक. समजूत नव्हती काढत तर. खापरांमुळं गरम हवा आत फिरते आणि थंड वारा सरळ मडक्यावर पडत नाही.

जळणाचा हिशोब आता कळायला लागलाय. तुराट्या म्हणजे तावातावानं भांडणारा माणूस, भपकन पेटतात, पंधरा मिनिटांत गप्प. त्यांचं काम फक्त शेवटी तापमान वर ढकलायचं. गोवरी हळू जळते आणि धरून ठेवते, खरं भाजणं गोवरीचं. गुळी जळून मऊ राख होते आणि ती राख गोधडीसारखी वर बसते, त्यामुळं आतली धग पळत नाही. पहिल्यांदा मी तिन्ही एकत्र कालवून टाकले होते.

सकाळी सातला वरून पेटवलं. दर तासाला अंदाजे शंभर अंश चढू द्यायचं ठरवलेलं, पण ११ वाजता वारा सुटला आणि वीस मिनिटांत २८० वरून ४६० झालं. मी घाबरले, मामांनी शांतपणे दोन फटी ओल्या मातीनं लिंपल्या. दुपारी साडेतीनला ८४०, तिथं जवळपास अर्धा तास थांबलं. मग सगळ्या फटी बंद, वर राख, आणि घरी.

९ तारखेला सकाळी आठला उघडलं, ५५ अंश. शाळेत उशीर झाला, हजेरीवर लाल शेरा पडला असणार. १६ पैकी १४ चांगले. गेलेल्या दोन्हीत बूड जाड होतं, दोन्ही माझ्या त्याच सवयीचे बळी.

मामांनी प्रत्येक नग उचलून बोटाच्या पेरानं वाजवला. पक्कं मडकं खणकन वाजतं, चिरलेलं भद्द. मला गोरोबाकाकांची गोष्ट आठवली, संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं कोण पक्कं ते बघितलं आणि नामदेव चिडले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हा आवाज कानानं ऐकल्याशिवाय ती नुसती गोष्टच राहते. मागे शाळेची सहल काकांच्याच तेरला नेली होती, तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या बघताना पोरांना मी कपडे-दागिने दाखवत होते. आता परत गेले तर आधी भाजल्याचे डाग बघीन.

खर्च: गोवऱ्या १२० (३०० रुपये), तुराट्या-गुळी घरची, मामांना पैसे द्यायला गेले तर रागावले, मग अर्धा किलो चहापत्ती दिली.

१५ डिसेंबर, रविवार. पाचवी (काळी करायचा दुसरा प्रयत्न)

आठ तारखेचे सहा नग परत रचले, आधी भाजलेले असल्यानं आता फुटायची भीती कमी. लाल दिसायला लागले की वरून वाळक्या शेणाची पूड आणि भुसा ओतला आणि लगेच मातीनं सगळं बंद. आत हवा नाही मिळाली की धूर मडक्यातच शिरतो, आणि गेरूतलं लालपण देणारं लोखंड पण काळं पडतं.

लिंपलेली माती नुसत्या गाळाची होती, ती वाळली आणि तडकली, भेगांतून हवा शिरली. सहापैकी दोन पूर्ण काळे, तीन अर्धे लाल अर्धे काळे, एक तपकिरी, धड इकडं ना तिकडं. लिंपायच्या मातीत राख आणि बारीक गुळी कालवायला पाहिजे होती, घराच्या भिंती लिंपताना आपण कालवतोच की. अर्धे लाल अर्धे काळे जे आलेत ते मात्र सगळ्यांना जास्त आवडले.

सोबत एक प्रयोग केला तो करू नका, किंवा करायचाच तर मोकळ्या रानात, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून करा. एका मडक्याला मोरचूद आणि मीठ लावून फॉइलमध्ये गुंडाळून टाकलं, रंग सुंदर आला, जांभूळ आणि विटकरी, पण त्या धुराचा वास घशात दोन दिवस होता आणि डोकं दुखलं. ते मडकं खायच्या-प्यायच्या कामाचं नाही, खाली खिळ्यानं भोक पाडून कुंडी केली, म्हणजे चुकून कोणी पाणी भरणार नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

तीन बिंदगी वाळत आहेत. एकच पाहिजे, पण आत्तापर्यंतचा माझा रेकॉर्ड बघता तीन. पाच लिटरचं पोट, गळा अरुंद, कड बाहेर वळवलेली कारण उचलताना बोटं तिथंच जातात. बूड चौथ्यांदा खरवडून पातळ केलं. आत्या (सासूबाई) येऊन बघून गेल्या, म्हणल्या गळा अजून रुंद पाहिजे होता, हात आत जात नाही, धुणार कशी. हे कोणीच आधी सांगत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

ढग. सगळं आभाळ भरलंय. बिंदगी गालाला गार लागायली. एकाला कडेला केसाएवढी चीर.

स्वयंपाकघरात चुलीमागं गोणपाटावर ठेवली तिन्ही. दर तासाला फिरवायची, म्हणजे एकच बाजू आधी वाळून ओढली जात नाही. रात्री दोनला पण उठले.

२८ डिसेंबर, शनिवार. सहावी

पहाटे चार ते सव्वानऊ वैलावर, ताट कोरडं होईपर्यंत. चीर गेलेलं पण घातलं, जागा होतीच. त्याच विटा, त्याच पद्धतीनं, खापरं आता दोन पाट्या झालीत. पावसाची भीती म्हणून वर चार बल्ल्यांवर पत्रा, बराच उंच.

साडेनऊला पेटवलं. मीटर ६१० वर बंद पडलं, मण्यांतून तार तुटली. ऐनवेळी. मग अंधार पडायची वाट बघितली, खापरांच्या फटीतून बघत. दिवसा राखेशिवाय काही दिसत नाही, पण सातच्या सुमाराला आतलं पोट दिसलं, बिडीच्या टोकासारखं नाही, पिकल्या जांभळाच्या आतल्या लालीसारखं, मंद. मामांनी बघितलं, म्हणले अजून एक ओझं तुराट्या. टाकल्या. पंधरा मिनिटांनी लाली उजळली, चांगल्या कुंकवाएवढी. "आता हात लावू नगस. सकाळपातूर इकडं येऊच नगस."

रात्री थोडे थेंब आले, पत्र्यावर वाजत होते. गेले नाही.

२९ डिसेंबर, रविवार

साडेनऊला उघडलं. पहिलं, ज्याला चीर होती, ते चिरेतून सरळ दोन. दुसऱ्याच्या खांद्याला गोवरी चिकटून मोठा काळा डाग, पण खणकन वाजलं. तिसरं वाजलं पण आवाज थोडा बसका, नीट बघितलं तर गळ्याखाली बारीक रेघ.

म्हणजे एक.

लगेच पाण्यात बुडवलं, बुडबुडे येत राहिले दहा मिनिटं. मग आत मापून चार लिटर पाणी भरून ताटात ठेवलं. संध्याकाळपर्यंत पाव लिटर कमी आणि अंग सगळं घामेजलेलं. माठाला हे चालतं, तसंच पाहिजे, पण आंबील पाझरली तर वास येणार. त्यावर उपाय घरातलाच, तांदळाची घट्ट पेज करून बिंदग्यात ओतली, बिंदगं चुलीवर मंद आचेवर ठेवून पेज आतून फिरवत राहिले, मग रात्रभर तशीच ठेवली. पिठूळ पाणी छिद्रांत जाऊन बसतं.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

पेज काढून धुतलं, हात आत जात नाही म्हणून काथ्या काडीला बांधून धुतलं, आत्या बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

आंबील भरली, वर हिरवी फांदी, खाली चुंबळ, आणि घरापासून रानापर्यंत पाऊण किलोमीटर. पांडवांपाशी (रानात पुजायला मांडलेल्या पाच दगडांपाशी) उतरवलं तेव्हा चुंबळ दमट होती, ओली नव्हती. जेवणं होईपर्यंत खाली ठेवलेल्या ताटात दोन चमचे पाणी, त्यानंतर वाढलं नाही. आंबील पण ज्वारीच्या पिठाचीच, तिनंच उरलेली छिद्रं बुजवली असणार.

मामांना बोलावलं होतं. दोन गडवे आंबील प्यायले, भज्जीचं (येळवशीच्या मिसळभाजीचं) कौतुक केलं, बिंदग्याच्या काळ्या डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणले हितं गोवरी टेकली व्हती. मी म्हणलं हो. संध्याकाळी हेंडगा (गवताचा पलिता) पेटवून पोरं रानाभोवती पळाली तेव्हा ते बिंदगं कोपीत (कडब्याच्या खोपटात) ठेवलं, कोणाचा पाय लागू नये म्हणून.

दोन पोती गुळी आणि शंभरेक गोवऱ्या पत्र्याखाली राहिल्यात. तुरीची रास झाली की नवीन तुराट्या येतील. गळा रुंद करून परत तीन करायची आहेत, थर्मोकपलला चिनीमातीचे मणी मागवलेत, १८० रुपये, अजून आले नाहीत.